१० बाय साडेअकरा फुटांची बेडरूम: पलंग कुठे, कपाट कुठे?

जुळे_सोलापूरची_सून
नमस्कार मंडळी. तीन मजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. बेडरूमची आतली मापं: उत्तर-दक्षिण १० फूट, पूर्व-पश्चिम ११ फूट ६ इंच, उंची १० फूट. पश्चिमेला मधोमध ४ फुटी सरकती खिडकी, तिचा कट्टा जमिनीपासून ३ फुटांवर. खोलीचं दार पूर्वेच्या भिंतीत, उत्तरेच्या कोपऱ्याला लागून. चौकटीसकट ३ फूट ४ इंच जातात. उघडलं की उत्तरेच्या भिंतीला टेकतं. बाथरूमचं दार उत्तरेच्या भिंतीत, पार पश्चिमेच्या टोकाला. दक्षिणेची भिंत कोरी, तिच्या पलीकडे मोकळी जागा.

यात हवंय: सहा बाय साडेसहाचा पलंग, कपडे आणि अंथरुणं मावतील असं कपाट, लॅपटॉपपुरतं टेबल. शिवाय जुनं लोखंडी कपाट आहे (३६ इंच रुंद, १९ खोल, ७८ उंच), ते सासूबाई काढू देणार नाहीत. या उन्हाळ्यात कूलर, पुढच्या वर्षी एसी. फर्निचरवाला म्हणतो, सगळं बसतं. बसतं का?

कडक_भाकरी
बसतं की ताई. फक्त माणसांनी हॉलमध्ये झोपायचं.

मोजपट्टी
फर्निचरवाला गादीचं माप सांगतो, पलंगाचं नाही. सहा बाय साडेसहा म्हणजे ७२ बाय ७८ इंचांची गादी. दोन्ही बाजूंच्या पट्ट्या दोन-दोन इंच, हेडबोर्ड आणि पायथ्याची पट्टी मिळून चार इंच. प्रत्यक्षात पलंग ६ फूट ४ इंच बाय ६ फूट १० इंच होतो. पाच फुटी गादी घेतली तर ५ फूट ४ इंच बाय ६ फूट १० इंच.

आता उशाची बाजू दक्षिणेच्या भिंतीला लावा. पायथ्याकडे ३ फूट २ इंच उरतात, दारातून बाथरूमकडे जायची वाट तीच. कपाट पूर्वेच्या भिंतीला, दाराच्या चौकटीपासून दक्षिणेच्या कोपऱ्यापर्यंत: ६ फूट ८ इंच रुंद, २ फूट खोल. मग पूर्व-पश्चिम उरले साडेनऊ फूट. सहा फुटी पलंग टाकला की ३ फूट २ इंच शिल्लक. कपाटासमोर उभं राहून पल्ला उघडायला अडीच फूट तरी लागतातच, म्हणजे खिडकीकडे ८ इंच. तिथून माणूस उतरणार कसा? पाच फुटी पलंग घेतला तर कपाटाकडे अडीच फूट आणि खिडकीकडे २० इंच मिळतात. माझ्या मते इथेच सहा फुटी पलंगाचा विषय संपला.

शेंगाचटणी
संपला कसा? मूल मध्ये झोपत असेल तर पाच फूट पुरत नाही हो. ६० इंचांत तिघं म्हणजे माणशी २० इंच.

मोजपट्टी
मूल किती वर्षं मध्ये झोपेल आणि पलंग किती वर्षं टिकेल, याचा विचार करा. फार तर खाली सरकणारी गादी ठेवा. चार इंची कापसाची गादी दिवसा पलंगाखाली जाते, पण त्यासाठी पलंग पायांचा हवा, पेटीचा नाही.

निवांत
कपाटाला सरकते पल्ले लावा, समोर अडीच फूट सोडावे लागणार नाहीत. सहा फुटी पलंगही बसेल.

गुण्या_आणि_पेन्सिल
निवांतराव, अर्धंच बरोबर. सरकत्या पल्ल्यांचे दोन रूळ तीन-साडेतीन इंच खातात. हँगर १७-१८ इंचांचा असतो, शर्ट अडकवला की २० इंच धरायचे. म्हणून उघडणाऱ्या पल्ल्याचं कपाट २४ इंचांत होतं, सरकत्याला २७ लागतात. समोरची जागा वाचली तरी तीन इंच तिथेच गेले. आणि पल्ले सरकते असले तरी माणूस समोर उभा राहणारच. खालचा खण ओढायचा तर वाकायलाही जागा हवी. २४ इंचांच्या खाली जाऊ नका.

शिवाय ६ फुटी कपाटाला दोन सरकते पल्ले म्हणजे एकेक तीन फुटी. एका वेळी अर्धंच कपाट दिसतं. पल्ला जड झाला की रुळात धूळ बसून अडतो, आणि आपल्याकडे मार्च ते मे धुळीला काय कमी.

कडक_भाकरी
धूळ मोफत, होम डिलिव्हरीसकट.

पश्चिमेचं_ऊन
मूळ प्रश्नात पश्चिमेची भिंत आहे आणि त्यावर अजून कुणी बोललं नाही. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ पर्यंत जातो तेव्हा ही भिंत दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत तापते आणि रात्री दहा-अकरापर्यंत आतल्या बाजूने उष्णता सोडत राहते. उशी त्या भिंतीला लावायचा विचारसुद्धा नको. पलंग खिडकीपासून २० इंच लांब ठेवायची मोजपट्टी यांची सूचना नुसती उतरण्यासाठी नाही, या कारणानेही बरोबर आहे.

काही जण पश्चिमेला कपाट उभं करून उष्णता अडवतात. अडते थोडी. पण मग कपाटातले कपडे कोमट निघतात आणि रेक्झिनच्या पर्स चिकट होतात.

आजोबांची_काठी
वास्तुशास्त्राप्रमाणे दक्षिणेला डोकं उत्तम, पूर्वेलाही चालतं. उत्तरेला मात्र नको.

कडक_भाकरी
आजोबा, उत्तरेला बाथरूमचं दार आहे. वास्तू आणि प्लंबर दोघांचं एकमत दिसतंय.

गुण्या_आणि_पेन्सिल
त्यावरून आठवलं. बाथरूमच्या सामाईक भिंतीला प्लायचं कपाट चिकटवू नका. टाइलच्या सांध्यातून ओल येते, वर्ष-दोन वर्षांत कपाटाची पाठ फुगते आणि साड्यांना कुबट वास मारतो. लावायचंच असेल तर भिंतीपासून इंचभर सोडून, पाठीला आठ मिलिमीटरचा ७१० ग्रेडचा (पाण्याला टिकणारा) प्लाय घ्या. वाळवी खालून चढते, म्हणून कपाटाखाली चार इंचांचा कट्टा ग्रॅनाइटचा किंवा शहाबादी फरशीचा करा, लाकडाचा नको. काळ्या मातीवरच्या इमारतीत दाराच्या चौकटीतून आत आलेली वाळवी आधी कपाटाचा तळ गाठते.

काळी_माती
+१. चौकट ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर सुताराला बोलवायच्या आधी औषध मारणाऱ्याला बोलवा.

जुळे_सोलापूरची_सून
सगळ्यांचे आभार. पाच फुटी पलंगाला मन तयार होतंय. पण लोखंडी कपाट आणि टेबल राहिलंच की. लोखंडी कपाट उत्तरेच्या भिंतीला, दोन दारांच्या मध्ये ठेवलं तर?

मोजपट्टी
रुंदीला बसतं. उत्तरेच्या ११ फूट ६ इंचांतून बाथरूमच्या दाराचे ३ फूट आणि उघडलेल्या दाराचे ३ फूट २ इंच वजा केले तरी ५ फूट ४ इंच उरतात. पण पायथ्याच्या ३ फूट २ इंचांतून कपाटाचे १९ गेले की वाट राहते १९ इंच. रात्री बाथरूमला जाताना रोज करंगळी आपटणार. शिवाय कपाटाचा १८ इंची पल्ला उघडला की वाट बंदच.

शेंगाचटणी
मग पूर्वेच्या भिंतीला तेच उभं करा, उरलेल्या जागेत प्लायचं, आणि दोन्हीवरून एकच दर्शनी चौकट. बरेच सुतार करतात असं.

गुण्या_आणि_पेन्सिल
करतात, दिसतंही छान. पण लोखंडी कपाट १९ इंच, प्लायचं २४. दोन्हींचे पल्ले एका रेषेत आणायचे तर लोखंडी पाच इंच पुढे घ्यावं लागतं, मागे पोकळी राहते आणि तिथे झुरळांचं साम्राज्य. दोन्ही बाजूंना एकेक इंच मोकळा सोडा, नाहीतर हँडल फिरवताना प्लायच्या पट्टीवर बोटं घासतात. कपाटाचं वजन फरशीवरच येऊ द्या, प्लायच्या तळावर चढवू नका.

पलटी_मारा
पलंग फिरवून का बघत नाही कुणी? उशाची बाजू पूर्वेला.

पूर्वेच्या भिंतीचा ६ फूट ८ इंचांचा तुकडा आहे ना, तिथे पाच फुटी पलंगाचं डोकं लावा. दक्षिणेला १६ इंच सुटतात, उत्तरेची कड चौकटीच्या रेषेत येते, म्हणजे आत शिरल्यावर ३ फूट ४ इंचांचा बोळ थेट बाथरूमपर्यंत मोकळा. पलंगाची लांबी ६ फूट १० इंच, पायथ्यापासून पश्चिमेच्या भिंतीपर्यंत ४ फूट ८ इंच उरतात. तिथे खिडकीखाली ४ फूट बाय १८ इंचांचं टेबल. टेबल आणि पायथा यांत ३ फूट २ इंच, खुर्ची आरामात मागे सरकते. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात, खिडकीच्या दक्षिणेला बरोबर ३ फूट भिंत आहे, तिथे सासूबाईंचं कपाट. पूर्वेला डोकं, आजोबाही खूश.

आजोबांची_काठी
नैर्ऋत्येला जड वस्तू. छान. मुलगा हुशार दिसतो.

मोजपट्टी
पलटी_मारा, आकडे तपासले, बरोबर आहेत. कपाटासमोर पायथ्यापर्यंत जवळजवळ ३ फूट मिळतात, पल्ला उघडतो. फक्त ३६ इंचांचं कपाट बरोबर ३ फुटांत म्हणजे पडद्याचा त्या बाजूचा गोळा कपाटामागे अडकणार. पडदा एकाच बाजूला, उत्तरेकडे सरकेल असा करा. स्कर्टिंगमुळे (भिंतीच्या तळाशी बसवलेल्या फरशीच्या पट्टीमुळे) कपाट अर्धा-पाऊण इंच पुढे येतंच. पाठीमागे दोन इंच सोडले तर भिंतीची उष्णता थेट पत्र्यात जाणार नाही.

पण मोठं कपाट गेलं की कपडे कुठे?

पलटी_मारा
एक, पेटीचा पलंग. दोन, बोळात उत्तरेच्या भिंतीला १४ इंच खोल कपाट, ५ फूट ४ इंच रुंद. घडीच्या कपड्यांना आणि साड्यांना १४ इंच पुरतात, हँगरला नाही. बोळात तरी २६ इंच वाट राहते. हँगरचे कपडे लोखंडी कपाटात. बाथरूमला लागून असलेल्या भागात ओलीसाठी वर सांगितलेली काळजी घ्या.

पश्चिमेचं_ऊन
खिडकीखाली टेबल म्हणजे दुपारी तीनला लॅपटॉपचा पडदा दिसणार नाही. जाड पडदा हवाच. बाहेरून बांबूची चिक लावली तर आणखी बरं, कारण ऊन काचेच्या बाहेर अडलं तर खोली तापत नाही. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो.

थंडा_पाणी
आणि कूलर? खिडकी तर तीच एक.

पलटी_मारा
सरकत्या खिडकीचा उत्तरेकडचा अर्धा भाग कूलरला, बाहेर लोखंडी स्टँडवर. टेबल दक्षिणेकडच्या अर्ध्याला सरकवा, ४ ऐवजी ३ फुटांचं करा. हवा बोळातून सरळ दाराकडे जाते. दार उघडं ठेवा, नाहीतर कूलर नुसता दमटपणा वाढवतो. कोरड्या उन्हाळ्यात चालतं ते याच कारणाने: ओली हवा आत आणि तेवढीच हवा बाहेर. पहिला वळवाचा पाऊस पडला की त्याचा उपयोग संपतो.

थंडा_पाणी
पाणी भरायला हात पोचतो का ते बघा. नळाला रोज पाणी नाही, साठवलेल्यातलं कूलरला द्यायचं. पाइप बाथरूममधून आणायचा तर दार शेजारीच आहे, बरं पडेल.

वायरमन_सात_रस्ता
इतका लांब धागा झाला, स्विचबोर्ड कुठे आहे ते कुणी विचारलंच नाही. ताई, दाराच्या दक्षिणेच्या अंगाला, साडेचार फुटांवर, बरोबर?

जुळे_सोलापूरची_सून
हो की! चौकटीपासून चार इंचांवर, नऊ इंच रुंद.

वायरमन_सात_रस्ता
म्हणजे पहिल्या मांडणीत तो कपाटामागे जाणार होता. कपाटाची रुंदी साडेपाच फुटांवर आणा, नाहीतर बोर्ड कपाटाच्या बाजूच्या पट्टीवर घ्या, डबी पीव्हीसीची आणि जोड उघडता येईल असा. पाठीमागे जोड गाडून वर प्लाय मारू नका, नंतर फॉल्ट शोधायला कपाट फोडावं लागतं.

पलंग फिरवलेल्या मांडणीत बोर्ड उशाच्या वरच, हेडबोर्ड साडेतीन फुटांचं ठेवलंत तर हात सहज पोचतो. पंखा आणि दिवा झोपल्या-झोपल्या बंद. फोडाफोड नाही. फक्त पलंगाच्या दक्षिणेच्या अंगाला दोन-अडीच फूट उंचीवर चार्जिंगचा एक पॉइंट वाढवा, तेही रंग द्यायच्या आधी.

एसीचा पॉइंट दक्षिणेच्या भिंतीत, साडेसात फुटांवर, १६ अँपिअरचा. छतापासून निदान सहा इंच मोकळे ठेवा, वरूनच हवा ओढतो तो. वारा पलंगावरून आडवा बोळाकडे जाईल, तोंडावर नाही. या खोलीला, वर अजून मजला असल्यामुळे, एक टन पुरेल.

पश्चिमेचं_ऊन
दक्षिणेला बाहेरचं युनिट, हे चांगलं सुचवलंत. सोलापूर साडेसतरा अंशांच्या जरा वर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर डोक्यावर येतो आणि ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडे असतो. त्यामुळे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही. पश्चिमेला टांगलेलं युनिट मात्र दुपारभर भाजून निघतं.

शेंगाचटणी
हे भूगोलाच्या बाईंनी सांगितलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. असो. माळ्याचं काय? बाथरूमवरच्या माळ्यावर टाकी असणार.

जुळे_सोलापूरची_सून
टाकीच आहे. बोळावर, दोन्ही दारांच्या वर, माळा करता येईल का?

गुण्या_आणि_पेन्सिल
येईल. सव्वासात फुटांवर, २ फूट खोल. पण ११ फूट ६ इंचांची फळी नुसत्या दोन टोकांवर टाकू नका, मध्ये झोळ पडतो. दर तीन-साडेतीन फुटांवर भिंतीत लोखंडी अँगल.

आता पंख्याकडे बघा. पंखा ४८ इंची, म्हणजे मध्यापासून पात्याचं टोक २ फूट. छतातला हुक खोलीच्या मध्यावर असेल तर उत्तरेच्या भिंतीपासून ५ फूट, पात्याचं टोक भिंतीपासून ३ फुटांवर. माळ्याचा दर्शनी भाग २ फुटांवर, म्हणजे मध्ये फक्त एक फूट. माळ्याचे पल्ले सहसा १८ इंची करतात. उघडला की भिंतीपासून साडेतीन फुटांवर जातो, म्हणजे फिरत्या पात्यात सहा इंच. पंख्याच्या समोरचे तीन-एक फूट धोक्याचे, कडेचे पल्ले वाचतात. पंखा एक फुटी दांडीवर असेल तर पाती साडेआठ-पावणेनऊ फुटांवर, माळ्याच्या बरोबर मधोमध. म्हणून मधल्या भागाला सरकते पल्ले. इथे रूळ तीन इंच खाईना का.

कडक_भाकरी
पंखा बंद करून माळा उघडायचा.

गुण्या_आणि_पेन्सिल
आपण बंद करतो. पाहुण्यांना कोण सांगणार?

विणकर_गल्ली
अंथरुणांसाठी एक माप लक्षात ठेवा. ६० बाय ९० इंचांच्या सोलापुरी चादरीच्या दोन्ही बाजूंनी चार-चार पदर केले की १५ बाय साडेबावीस इंचांची घडी होते. ती १४ इंची कपाटात आडवी ठेवली तरी इंचभर बाहेर येते आणि पल्ला लागत नाही. ६० च्या बाजूचे पाच पदर करा, १२ इंच होतात, मग आडवी बसते. पण त्यासाठी खणाची रुंदी २३ इंचांहून जास्त हवी. ५ फूट ४ इंचांचे तीन खण केले तर आतून वीस-एकवीस इंचच मिळतील. दोनच करा, मधली फळी जाड घ्या.

गुण्या_आणि_पेन्सिल
वा! हे कुठलाही सुतार विचारत नाही. मात्र दोन खणांना चार पल्ले ठेवा, १६-१६ इंचांचे, बोळात उघडायला सोपे. सात फुटी पल्ल्याला चार बिजागऱ्या. लॅमिनेट दोन्ही बाजूंनी, एकाच बाजूला लावलं तर पल्ला पिळतो.

निवांत
पेटीच्या पलंगाला ड्रॉवर की हायड्रोलिक?

मोजपट्टी
ड्रॉवर दक्षिणेला नकोच, तिथे १६ इंच आहेत. बोळाकडे ओढता येतील, पण १४ इंची कपाट केलं की समोर २६ इंचच राहतात. २० इंचांचा ड्रॉवर ओढला तर माणूस उभा कुठे राहणार? हायड्रोलिक घ्या, पायथ्याकडून उचलणारं, तिथे जागा आहे. मात्र पंप गादीच्या वजनाप्रमाणे बसवून घ्या. हलक्या फोमच्या हिशेबाने बसवलेला पंप काथ्याच्या गादीला पेलत नाही, वर राहतच नाही. आणि पेटी दोन भागांत, अडीच-अडीच फुटांची करायला सांगा. अखंड पेटी जिन्याच्या वळणावर अडकते.

काळी_माती
ऑर्डर द्यायच्या आधी वर्तमानपत्रं चिकटवून फरशीवर पलंग, कपाट, टेबल सगळं खऱ्या मापात अंथरा. दोन्ही दारं उघडून बघा, खुर्ची ठेवून बसा. दोन दिवस तसंच वावरा. खोलीची रुंदीही तीन ठिकाणी मोजा, तळाशी, कमरेला आणि डोक्याच्या उंचीवर. गिलाव्यात अर्धा-पाऊण इंचाचा फरक सर्रास निघतो. सुताराला सर्वांत कमी माप द्यायचं.

जुळे_सोलापूरची_सून
पेपर अंथरले. पलंग फिरवलेली मांडणी नक्की. टेबल ३ फुटांचं, बोळात १४ इंची कपाट दोन खणांचं, मधला माळा सरकता. कट्ट्याच्या उत्तरेकडे कूलर. सासूबाईंनी कपाटाची जागा बघून होकार दिला, पण म्हणतात ते त्या कोपऱ्यात हललं की कुलूप लागत नाही. फरशीला बाथरूमकडे उतार आहे वाटतं.

गुण्या_आणि_पेन्सिल
कपाट तिरकं उभं राहिलं की चौकट किंचित पिळते आणि दोन्ही पल्ल्यांच्या दांड्या वरच्या खाचेत बसत नाहीत. कुलपाला हात लावू नका. रिकामं असताना वर लेव्हल ठेवा, जो पाय खाली आहे त्याखाली प्लायचा किंवा रबराचा तुकडा सरकवा, पुठ्ठा नको, फरशी पुसताना भिजून बसतो. दोन्ही पल्ल्यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली की मगच भरा.